लेबल द्वेषाचं

मॅगेझिनमध्ये चरित्र लिहायचं म्हणजे विश्वेश्वरय्या, कलाम नाहीतर टेस्ला, असा एक अलिखित नियम आहे. मी तो मोडतोय. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याच्याकडून घेण्यासारखं काही नाही, त्याचं संगीतही बेताचंच, आणि तो जाऊन तीस वर्षं उलटली. पण बाजाराने नाकारलेल्या एका मध्यम कुवतीच्या गायकाभोवती रेकॉर्ड लेबल उभं राहिलं आणि त्या लेबलच्या जोरावर देशोदेशींची पोरं एका विषारी विचारामागे कशी लागली, हे वाचताना मला जे वाटलं ते कुठल्याही हॉरर सिनेमात वाटलं नव्हतं. म्हणून हा लेख.

त्याचं नाव इयान स्टुअर्ट डोनाल्डसन. बँडचं नाव स्क्रूड्रायव्हर. (मेकॅनिकलवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, स्पेलिंगमध्ये सीच्या जागी के आहे!) आणि चरित्रनायकाला अहो-जाहो करायची पद्धत असते, ती मी इथे पाळणार नाही.

इयानचा जन्म ११ ऑगस्ट १९५७ चा. गाव पोल्टन-ले-फाइल्ड, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, ब्लॅकपूलला लागून. ब्लॅकपूल म्हणजे उन्हाळ्यात सहलीला येणाऱ्यांचं गाव. शाळा चांगली, ग्रामर स्कूल. म्हणजे उपाशीपोटी वाढलेला, रस्त्यावर फेकला गेलेला पोरगा वगैरे काही नाही. १९७५ मध्ये त्याने मित्रांबरोबर एक बँड काढला, तो रोलिंग स्टोन्सची गाणी वाजवायचा. बँडचं नावसुद्धा स्टोन्सच्याच एका गाण्यावरून ठेवलेलं, टम्बलिंग डाइस. आता गंमत बघा. रोलिंग स्टोन्सनी स्वतःचं नाव घेतलं ते मडी वॉटर्सच्या गाण्यावरून. मडी वॉटर्स कोण? मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातून शिकागोला आलेला काळा ब्लूज गायक. पुढे ज्याने गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची गाणी गायली, त्याच्या गिटारची मुळं अशी थेट काळ्या माणसाच्या अंगणात होती. अर्थात हे त्याला कोणी सांगितलं असतं तर सांगणाऱ्याचं काय झालं असतं, ते पुढे कळेलच.

१९७६ मध्ये मँचेस्टरला सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. तो पाहून इयानने स्टोन्स सोडले आणि पंक धरलं. पंकचं सूत्र सोपं होतं, तीन कॉर्ड्स येत असतील तर बँड काढा. स्क्रूड्रायव्हर उभा राहिला आणि त्याला लंडनच्या चिझविक रेकॉर्ड्सने घेतलं. चिझविक हे इंग्लंडमधल्या पहिल्या काही स्वतंत्र लेबलांपैकी एक. मोटरहेडचा पहिला अल्बम त्यांनीच काढला. जो स्ट्रमर क्लॅशमध्ये जाण्याआधी ज्या बँडमध्ये होता, त्या वन-ओ-वनर्सची रेकॉर्डही त्यांचीच. म्हणजे १९७७ मध्ये इयान बरोबर जागी, बरोबर वेळी होता. त्या वर्षी पहिली सिंगल आली, तिचा विषय नशा करणाऱ्या पोरांची टर उडवणं हा होता! मग पहिला अल्बम आला. त्यात राजकारण नावालाही नाही. मी ऐकलाय, चारचौघांसारखा आहे. त्या वर्षी असे डझनभर अल्बम निघाले असतील.

चारचौघांसारखं असणं हाच त्याचा प्रॉब्लेम होता. काहीतरी वेगळं दिसावं म्हणून बँडने पंकचे फाटके कपडे टाकले आणि स्किनहेडचा वेष घेतला. तासलेलं डोकं, जाडजूड बूट, खांद्यावरून पट्टे. इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्किनहेड म्हणजे नाझी, असं सुरुवातीला अजिबात नव्हतं. १९६९ च्या सुमाराचे लंडनचे स्किनहेड हे कामगारवस्तीतले पोरगे, ते जमैकातून आलेल्या शेजाऱ्यांबरोबर स्का आणि रेगे ऐकायचे, त्याच नाचघरात नाचायचे. आशियाई लोकांना मारहाण करणारे तेव्हाही त्यांच्यात होते, हेही खरं. पण झेंडा, पक्ष, विचारसरणी असलं काही नव्हतं. ते नंतर चिकटवलं गेलं आणि चिकटवणाऱ्यांत आपला नायक पुढे होता.

वेष बदलला तसा प्रेक्षक बदलला. कार्यक्रमात मारामाऱ्या व्हायला लागल्या. हॉलवाले नको म्हणायला लागले, संगीताच्या साप्ताहिकांनी पाठ फिरवली, चिझविकबरोबरचं नातंही संपलं. १९७९ च्या सुमारास मँचेस्टरच्या एका छोट्या लेबलवर एक रेकॉर्ड निघाली, ती कोणी विचारली नाही. बँड मोडला. बावीस-तेवीस वर्षांचा इयान, एकेकाळी स्ट्रमरच्या रांगेत उभा राहिलेला, पुन्हा ब्लॅकपूलला.

तिकडे स्ट्रमर कुठे होता? १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परदेशी लोकांविरुद्ध दारूच्या नशेत गरळ ओकली. (तोच क्लॅप्टन, ज्याची सगळी कमाई ब्लूजवर!) त्याचा राग येऊन काही लोकांनी रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ काढली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून मोर्चा निघाला आणि पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात हजारोंच्या गर्दीपुढे क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन वाजले. नॅशनल फ्रंट या गोऱ्या वंशवादी पक्षाच्या विरोधात हे सगळं चाललं होतं.

आणि इयान १९७९ मध्ये नेमका त्याच नॅशनल फ्रंटमध्ये गेला. ब्लॅकपूल भागात पक्षाच्या युवक शाखेचं काम बघू लागला. लोक म्हणतात अपयशाने तो तिकडे ढकलला गेला. मला हे अर्धंच पटतं. अपयश त्या वर्षी शेकडो बँडना आलं, त्यातले बहुतेक मुकाट नोकरीला लागले. द्वेष त्याने स्वतः निवडला. अपयशामुळे एवढंच झालं की त्याला गिऱ्हाईक शोधायचं होतं आणि पक्षाला गायक हवा होता.

पक्षाची गरज समजून घ्यायला १९७९ ची निवडणूक बघावी लागते. नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले आणि सगळे मिळून मतं पडली ०.६ टक्के. डिपॉझिटं गेली ती गेलीच, वर पक्षात भांडणं. मतपेटीचा रस्ता बंद झाल्यावर काहींच्या डोक्यात आलं, की मतदार नाही तर नाही, मतदानाचं वयही न झालेली पोरं तरी धरू. जो पिअर्स नावाचा तरुण पक्षाचं पोरांसाठीचं वर्तमानपत्र चालवायचा. त्याने रॉक अगेन्स्ट रेसिझमला उत्तर म्हणून रॉक अगेन्स्ट कम्युनिझम पुढे आणलं. नाव कम्युनिझमविरोधी, माल तोच. हा पिअर्स वंशद्वेष पसरवल्याबद्दल दोनदा तुरुंगात गेला, पुढे कॅथलिक झाला, जुने विचार सोडले आणि आज साहित्यिकांची चरित्रं लिहितो. माणूस बदलू शकतो, हे त्याच्याकडे बघून मान्य करावं लागतं. मागे सोडलेलं यंत्र मात्र चालू राहतं.

जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला. गिरण्या, गोद्या, खाणी बंद पडत होत्या. त्याआधी जुलै १९८१ मध्ये लंडनच्या साउथॉलमध्ये, म्हणजे पंजाब्यांच्या वस्तीत, एका पबमध्ये स्किनहेड बँडचा कार्यक्रम ठेवला होता. बस भरभरून पोरं आली आणि त्यांनी दुकानदारांना त्रास द्यायला सुरुवात केली. साउथॉलने हे आधी सोसलं होतं. १९७६ मध्ये तिथल्या एका शीख तरुणाचा भर रस्त्यात खून झाला होता. या वेळी आशियाई पोरं गप्प बसली नाहीत. रात्री तो पब जळून खाक झाला. (इयानचा बँड तेव्हा तिथे नव्हता, हे नोंदवतो.) त्यानंतर स्किनहेड संगीताला मोठ्या कंपन्या आणि हॉल हात लावेनात. ज्या बँडना नाझी म्हणवून घ्यायचं नव्हतं ते हात झटकत होते. १९८२ मध्ये इयानने स्क्रूड्रायव्हर पुन्हा जमवला, तो हात न झटकता. त्याने उघड उघड सांगून टाकलं की आम्ही तेच आहोत.

आता मुख्य पात्राची एन्ट्री, म्हणजे लेबलची.

कुठलीही कंपनी रेकॉर्ड काढत नाही म्हटल्यावर नॅशनल फ्रंटने स्वतःचंच लेबल काढलं, व्हाइट नॉईज रेकॉर्ड्स. पहिली रेकॉर्ड १९८३ मध्ये, स्क्रूड्रायव्हरची, नावातच गोऱ्यांच्या सत्तेची घोषणा. (ईअँडटीसीवाल्यांना आठवत असेल, व्हाइट नॉईज म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखी पॉवर मिळते तो सिग्नल. इतकी समता! नाव ठेवणाऱ्यांनी सिग्नल्सचा पेपर दिला नसणार.)

लेबल नेमकं करतं काय? रेकॉर्डिंगला पैसे लावतं, तबकड्या आणि कव्हरं छापून घेतं, माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवतं आणि हिशोब करून कलाकाराला त्याचा वाटा देतं. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं व्हाइट नॉईजने केलं. दुकानं माल ठेवत नव्हती, रेडिओ लावत नव्हता. मग टपालाने विक्री. पक्षाच्या पत्रकात जाहिरात, टपालपेटीचा नंबर, पैसे पाठवा, रेकॉर्ड घरपोच. शिवाय व्हाइट नॉईज क्लबचं सभासदत्व. म्हणजे रेकॉर्ड मागवणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव-पत्ता आपोआप पक्षाच्या यादीत! पत्रक माणूस एकदा वाचतो आणि टाकतो. रेकॉर्ड पैसे देऊन घेतो, शंभर वेळा लावतो आणि मित्राला कॅसेट भरून देतो. प्रचाराचं साहित्य विकत घ्यायला लावायचं, आणि वर घेणाऱ्याला वाटावं की आपण काहीतरी गुपित मिळवलंय. हे डोकं कोणाचंही असो, कल्पना भयंकर परिणामकारक होती.

मोठा माल काढायची मात्र व्हाइट नॉईजची ऐपत नव्हती. तिथे जर्मनीतलं रॉक-ओ-रामा हे लेबल आलं. कोलोन भागातला हर्बर्ट एगोल्ट ते चालवायचा. सुरुवातीला तो साधं पंकच काढायचा. मग त्याच्या लक्षात आलं की या मालाला स्पर्धा नाही आणि गिऱ्हाईक इमानी आहे. १९८४ मध्ये स्क्रूड्रायव्हरचा अल्बम रॉक-ओ-रामाने काढला, कव्हरवर किनाऱ्याला लागलेले व्हायकिंग योद्धे. गाणी जुन्या पंकपेक्षा हेवी मेटलच्या अंगाने जाणारी, कोरस असा की शंभर जणांनी बूट आपटत एकत्र म्हणावा. विषय ठरलेले, गोरी युरोपी संस्कृती, लाल शत्रू, बाहेरून आलेले लोक. शब्द इथे देत नाही, देण्यासारखे नाहीत. या एका अल्बमने इंग्लंडमधलं गल्लीतलं भांडण जर्मनी, स्वीडन, अमेरिकेपर्यंत नेलं. पुढे एगोल्टच्या लेबलवर अशा बँडची रांग लागली. बँडना पैशाऐवजी बहुतेकदा रेकॉर्डचे गठ्ठे मिळायचे, विका आणि खा.

कार्यक्रम कुठे करायचे हाही प्रश्न होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सफोक परगण्यात निक ग्रिफिन या पक्षनेत्याच्या आई-वडिलांच्या शेतावर उन्हाळी जलसे झाले. हाच ग्रिफिन पुढे दुसऱ्या पक्षाचा अध्यक्ष आणि २००९ ते २०१४ युरोपियन पार्लमेंटचा सभासद होता.

१९८५ च्या शेवटी इयानला लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात झालेल्या वांशिक मारहाणीबद्दल तुरुंगाची शिक्षा झाली. म्हणजे गाणी नुसती गाणी नव्हती, गाणाराही हात चालवायचा. बाहेर आल्यावर त्याचा भाव वाढलेला होता, तुरुंगात जाऊन आलेला माणूस! पण याच सुमाराला नॅशनल फ्रंट फुटला. आणि बँडवाल्यांनी हिशोब मागायला सुरुवात केली. रेकॉर्ड विकल्या जाताहेत, सभासद फी येतेय, मग आमचे पैसे कुठे? उत्तर काही मिळालं नाही. ज्यांची गाणी ज्यू सावकार आपल्याला लुटतात असं सांगायची, त्यांना त्यांच्याच गोऱ्या भाऊबंदांनी टोपी घातली होती. यावर मी जास्त बोलत नाही.

१९८७ मध्ये इयानने पक्ष सोडला आणि स्वतःची संघटना काढली, ब्लड अँड ऑनर. हिटलरच्या युवक संघटनेच्या पोरांना जो खंजीर मिळायचा, त्याच्या पात्यावर हेच शब्द जर्मनमध्ये कोरलेले असत. नावातच सगळं आलं. त्याच नावाचं मासिक निघालं. त्यात मुलाखती, जाहिराती, टपालाने मिळणाऱ्या मालाची यादी. मधला पक्ष काढून टाकला आणि संगीतालाच पक्ष केलं. इयान वेगवेगळ्या नावांनी अल्बम काढत राहिला. अमेरिकन गिऱ्हाइकासाठी तर क्लॅन्समेन नावाने रॉकाबिली धाटणीचा वेगळा बँड! मार्केटिंग त्याला कळत होतं, मानावं लागेल.

या संघटनेच्या उभारणीत त्याचा जोडीदार होता निकी क्रेन. धिप्पाड, गोंदवलेला, काळ्या लोकांवरच्या हल्ल्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला, कार्यक्रमांचा पहारेकरी. बँडच्या कव्हरांच्या चित्रकामातही त्याचा हात होता. हा क्रेन वर्षानुवर्षं दुहेरी आयुष्य जगत होता. तो समलिंगी होता, आणि ज्या टोळीत होता ती समलिंगी लोकांना बडवण्यात धन्यता मानायची. १९९२ मध्ये त्याने टीव्हीवर हे उघड सांगितलं आणि जुन्या विचारांशी संबंध तोडला. इयानने त्याला त्याच दिवसापासून परका केलं. डिसेंबर १९९३ मध्ये क्रेन एड्सने गेला. त्यांच्या गाण्यांत बंधुभाव हा शब्द किती वेळा येतो ते मोजायची माझी इच्छा नाही.

शेवटची वर्षं धावपळीची. हॉल मिळत नसल्यामुळे पद्धत अशी, की तिकिटावर कार्यक्रमाची जागा नसायची, फक्त जमायचं ठिकाण. तिथून पुढे नेणार. विरोधकांनाही हे कळायचं. १९८९ मध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावर फॅसिस्टविरोधी गट आधीच हजर राहिले. १२ सप्टेंबर १९९२ ला वॉटर्लू स्टेशनवर तर इतकी धुमश्चक्री झाली की स्टेशन काही तास बंद ठेवावं लागलं. कार्नबी स्ट्रीटवर बँडचा माल विकणारं एक दुकान लोकांनी निदर्शनं करून बंद पाडलं. १९९१ मध्ये जर्मनीतल्या कॉटबुसला बँड गेला, तिथल्या हाणामारीत बँडचे लोक अटकेत. लंडनमध्ये राहणं अवघड झालं तसा इयान डर्बीशायरला राहायला गेला.

सप्टेंबर १९९३ मध्ये तिथेच रात्रीच्या प्रवासात त्याच्या गाडीला अपघात झाला. २४ तारखेला तो गेला. वय ३६. सोबतचा एक मित्रही गेला. साधा रस्ता अपघात. पण भक्तांना साधा अपघात चालत नाही. गुप्तहेरांनी मारलं, शत्रूंनी घातपात केला, अशा कथा निघाल्या. दरवर्षी अनेक देशांत त्याच्या स्मृतीचे जलसे व्हायला लागले.

आणि लेबल? त्याच्या मरणानंतर इंग्लंडमधला सगळा धंदा कॉम्बॅट १८ या हिंसक टोळीच्या हातात गेला. (१ म्हणजे ए, ८ म्हणजे एच, हिटलरची आद्याक्षरं. तसंच ब्लड अँड ऑनर म्हणजे २८.) त्यांनी नवीन लेबल काढलं, आयएसडी रेकॉर्ड्स, म्हणजे मेलेल्या गायकाची आद्याक्षरं. आता सीडीचा जमाना होता. छापायला स्वस्त, विकायला महाग. पैसा आला तशी टोळी दोन भागांत फुटली. भांडण नेतेपदाचं आणि या पैशाचं. फेब्रुवारी १९९७ मध्ये एकाचा भोसकून खून झाला आणि १९९८ मध्ये टोळीचा जुना म्होरक्या चार्ली सार्जंट त्या खुनासाठी जन्मठेपेवर गेला. मारणारे गोरे, मरणारा गोरा.

अमेरिकेच्या बाजूला जॉर्ज बर्डी या कॅनेडियन तरुणाने डेट्रॉइटमधून रेझिस्टन्स रेकॉर्ड्स सुरू केलं. मारहाणीबद्दल त्यालाही तुरुंगवास झाला. मग त्याने हे सगळं सोडलं आणि वेगवेगळ्या वंशांच्या वादकांचा बँड काढला. लेबल मात्र १९९९ मध्ये विल्यम पिअर्स या नवनाझी नेत्याने विकत घेतलं. (वरच्या जो पिअर्सचा याच्याशी संबंध नाही.) शिकागोजवळ क्रिस्तियन पिचोलिनी या बँडवाल्याने रेकॉर्डचं दुकान टाकलं होतं. पोट भरायला पंक, स्का, हिपहॉपही ठेवायचा. त्यामुळे काळे, ज्यू, समलिंगी असे सगळे गिऱ्हाईक म्हणून यायला लागले आणि त्यांच्याशी बोलता बोलता त्याच्या डोक्यातलं भूत उतरलं. त्याने द्वेषाचा माल काढून टाकला आणि दुकान बंद पडलं. कमाईचा मोठा भाग त्याच मालाचा होता.

जर्मनीने सप्टेंबर २००० मध्ये ब्लड अँड ऑनरवर बंदी घातली. त्याच वर्षी सुरू झालेल्या एका नवनाझी त्रिकुटाच्या खूनसत्रात २००७ पर्यंत दहा माणसं मेली, त्यातले आठ तुर्की वंशाचे. या त्रिकुटाला भूमिगत राहायला मदत करणाऱ्यांत ब्लड अँड ऑनरचे लोक होते, हे २०११ नंतर उघड झालं. कॅनडाने २०१९ मध्ये या संघटनेला दहशतवादी ठरवलं, ब्रिटनने जानेवारी २०२५ मध्ये तिची मालमत्ता गोठवली.

इयान मेला तेव्हा वेड मायकेल पेज २१ वर्षांचा होता, अमेरिकन लष्करात. लष्करातून बाहेर पडल्यावर २००० च्या सुमारास तो या संगीताच्या वर्तुळात शिरला. एकामागून एक बँडमध्ये गिटार वाजवली, स्वतःचाही बँड काढला. लेबल ५६ नावाच्या लेबलने त्याचा माल काढला. ५ ऑगस्ट २०१२, रविवारी सकाळी तो विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात पिस्तूल घेऊन शिरला. आत लंगरची तयारी चालली होती. सहा माणसं मेली, त्यात गुरुद्वाऱ्याचे अध्यक्षही होते. पोलिसांची गोळी लागल्यावर पेजने स्वतःला गोळी मारली. लेबल ५६ ने लगोलग त्याच्या बँडचा माल विक्रीतून काढून घेतला. जखमींपैकी एक ग्रंथी लकवा होऊन अंथरुणाला खिळले होते. ते मार्च २०२० मध्ये गेले.